‘प्रिव्ही’ म्हणजे गुप्त की खासगी?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. पणजोबांच्या जमिनीच्या दाव्याचे कागद तुम्ही मराठीत आणताय. शेवटचा निकाल लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे इंग्लंडच्या राजाच्या सल्लागार मंडळाचा आहे. शब्दकोशात ‘प्रिव्ही’चा अर्थ ‘गुप्त’ दिसला, म्हणून तुम्ही ‘गुप्त परिषद’ असं लिहिलंत. पुढे निकालपत्रातच ‘पार्टीज अँड प्रिव्हीज’ आलं आणि तिथे ‘गुप्त’ काही केल्या बसेना. मग एका जुन्या इंग्रजी कादंबरीत कुणीतरी घाईघाईने ‘प्रिव्ही’त शिरला आणि तो निघाला संडास. त्यावर एका मित्राने सांगितलं, की इंग्लंडचा राजा संडासात बसून मंत्र्यांशी खलबतं करायचा, म्हणून त्या मंडळाला हे नाव पडलं. हे सगळे एकाच शब्दाचे अर्थ आहेत का, आणि तुम्ही मराठीत काय लिहावं, हे तुम्हाला हवंय.

शब्द एकच आहे. मित्राची गोष्ट खरी नाही, पण अगदीच बिनबुडाचीही नाही, तिच्याकडे येते. ‘गुप्त परिषद’ मात्र खोडा.

माझं काम जुन्या न्यायालयीन आणि संस्थानी कागदांच्या अनुवादाचं. त्यात हा शब्द सारखा भेटतो आणि दर वेळी वेगळं सोंग घेऊन भेटतो. शब्दकोश त्याचे सात-आठ अर्थ एकाखाली एक देतो, पण ते एकमेकांतून कसे निघाले ते सांगत नाही. ते कळलं की प्रत्येक ठिकाणी काय लिहायचं ते बरंचसं आपोआप सुटतं.

मुळाशी लॅटिन ‘प्रिवुस’ आहे : एकेकटा, ज्याचा त्याचा. त्यावरून ‘प्रिवातुस’, म्हणजे सार्वजनिकातून वेगळं काढलेलं. रोममध्ये ज्याच्याकडे सरकारी पद नाही तो माणूस ‘प्रिवातुस’. त्यात लपवाछपवी काहीच नाही. तो चौकात उभा असला तरी ‘प्रिवातुस’च. आपल्या ओळखीचा ‘प्रायव्हेट’ इथूनच आला, आणि ज्याला हुद्दा नाही अशा फौजेतल्या साध्या शिपायाला ‘प्रायव्हेट’ म्हणतात तेही याच वळणाने. ‘प्रिव्हिलेज’ म्हणजे मुळात एखाद्या एकट्या माणसापुरता केलेला कायदा. हीच लॅटिन कुळी फ्रेंचमध्ये ‘प्रिव्हे’ झाली आणि तिथे तिला एक ऊब आली : जवळचा, घरोब्याचा, आतला. नॉर्मन राज्यकर्त्यांची फ्रेंच इंग्लंडमध्ये मुरली आणि तेराव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्रजी लेखनात ‘प्रिव्ही’ दिसू लागला. ‘आतल्या माणसांचा’, ‘लोकांपासून राखलेला’ आणि ‘शौचाची जागा’ हे अर्थ इंग्रजीत जवळपास एकाच काळात सापडतात. म्हणजे आधी भारदस्त अर्थ होता आणि मग शब्द घसरला, असं झालेलं नाही. सुरुवातीपासूनच दोन्ही संसार एका छपराखाली होते.

‘गुप्त’ हा अर्थ यातून निघाला, पण तो परिणाम म्हणून. चार आतल्या माणसांत जे चालतं ते बाहेरच्यांना कळत नाही, एवढंच. ‘गुप्त’ म्हटलं की कुणीतरी मुद्दाम लपवतंय असं वाटतं. ‘प्रिव्ही’त मुख्य गोष्ट लपवणं ही नाही, आत यायची मुभा कोणाला आहे ही आहे. म्हणून हा शब्द दिसला की मी ‘काय लपवलंय?’ हे विचारत नाही. ‘दार कोणासाठी उघडं आहे आणि कोणासाठी बंद?’ हे विचारते.

मराठीत याला जवळजवळ मापाचा शब्द आहे, आणि तोही दरबारातलाच : खासगी. आज आपण खासगी शाळा, खासगी बस म्हणतो तेव्हा त्याचं जुनं वजन विसरतो. पेशव्यांच्या व्यवहारात खासगीचा कारभार वेगळा होता. पुण्यातलं खासगीवाले हे आडनाव त्याची आठवण देतं. होळकरांच्या राज्यात तर ‘दौलत’ आणि ‘खासगी’ असे सरळ दोन हिशेब. १७३४ साली मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंना खासगीचा मुलूख तोडून दिला गेला, आणि पुढे अहिल्याबाईंनी देशभर घाट-देवळं बांधली ती मुख्यतः या खासगीच्या उत्पन्नातून. आता बघा, काशीचं देऊळ काही गुप्त नव्हे. पैसा मात्र खासगी. हा भेद तुमच्या मनात पक्का झाला तर निम्मं काम झालं.

आता इंग्लंडच्या राजवाड्यात जाऊ, कारण हा शब्द खरा तिथे वाढला. ट्यूडर राजांचे वाडे एकातून एक उघडणाऱ्या दालनांचे असत. आधी मोठा दिवाणखाना, मग पहारेकऱ्यांचं दालन, मग जिथे राजा लोकांना दर्शन देतो ते दालन, आणि त्याच्या पलीकडे प्रिव्ही चेंबर. जसजसे आत जाल तसतशी माणसं गळत जातात. प्रिव्ही चेंबरच्या आत राजाच्या रोजच्या जगण्यातली माणसं. राजासाठी वेगळा रांधणारी ती प्रिव्ही किचन. हॅम्प्टन कोर्टला आजही प्रिव्ही गार्डन आहे आणि तिकीट काढून कोणीही त्यात हिंडतं. बागेत गुप्त काय असणार? ती राजाची स्वतःची बाग, एवढाच अर्थ.

या सगळ्यात आत राजाचं शौचकूप, आणि इथे तुमच्या मित्राची गोष्ट भेटते. आठव्या हेन्रीच्या काळात ‘ग्रूम ऑफ द स्टूल’ नावाचा एक हुद्देदार असे. राजाच्या शौचाच्या वेळी हजर राहणं हे त्याचं नावापुरतं आणि काही अंशी खरंखुरं काम. आपल्याला हे ऐकून कसंसंच होतं, पण त्या जागेसाठी उमरावांची चढाओढ असायची. कारण उघड आहे : राजाशी एकांतात बोलण्याची संधी दुसऱ्या कुणालाच इतकी मिळत नसे. हा माणूस प्रिव्ही चेंबरचा मुख्य झाला आणि राजाच्या हातखर्चाचा पैसा, म्हणजे प्रिव्ही पर्सही, बरीच वर्षं त्याच्याच ताब्यात राहिला. या पदावरचा हेन्री नॉरिस १५३६ मध्ये हेन्रीची राणी ॲन बोलीन हिच्या प्रकरणात शिरच्छेदाला गेला. इतक्या आत असण्याची ती किंमत. तेव्हा मंत्रिमंडळ संडासात भरत होतं हे खोटं. पण राजाचं शौचकूप, त्याची थैली आणि त्याचे सल्लागार हे तिन्ही ‘प्रिव्ही’ एकाच वाड्याच्या आतल्या बाजूला, एकमेकांपासून काही पावलांवर नांदत होते, हे खरं. नाव एकाचं दुसऱ्याला मिळालं नाही. तिघांनाही ते ‘आतलं’ या एकाच अर्थाने मिळालं.

चौदाव्या शतकातल्या चॉसरने या दोन अर्थांची गंमत आधीच करून ठेवली आहे. त्याच्या व्यापाऱ्याच्या कथेत म्हाताऱ्या नवऱ्याची तरुण बायको प्रियकराची चोरटी चिठ्ठी वाचायला कुठे जाते? प्रिव्हीत. वाचून झाल्यावर फाडून तिथेच टाकते. घरात एकटं राहायला दुसरी जागा नाही, आणि तिथे कोणी मागे येणार नाही. एकांत, गुपित आणि संडास, तिन्ही एका जागी.

या शब्दाची मला सर्वांत आवडणारी खोड आता सांगते. जे जे ‘प्रिव्ही’ म्हणून सुरू झालं ते हळूहळू सरकारी होऊन चव्हाट्यावर आलं, आणि राजाला दर वेळी आणखी आतली एक खोली शोधावी लागली. शिक्क्याचं उदाहरण घ्या. राज्याचा मोठा शिक्का, ग्रेट सील, चॅन्सेलरकडे असे. राजाला स्वतःचे हुकूम पाठवायला लहान शिक्का हवा, म्हणून तेराव्या शतकात प्रिव्ही सील आलं. शंभरेक वर्षांत त्याचीच मोठी कचेरी झाली. कारकून, नोंदवह्या, विलंब सगळं आलं. मग राजाने त्याहून लहान सिग्नेट वापरायला घेतली आणि ती आपल्या सेक्रेटरीकडे दिली. ‘सेक्रेटरी’ म्हणजे मुळात गुपितं सांभाळणारा. आता मंत्रालयात सेक्रेटरी किती आहेत ते तुम्हीच मोजा! प्रिव्ही सीलचा वापर १८८४ च्या कायद्याने संपला, पण लॉर्ड प्रिव्ही सील हे पद ब्रिटिश मंत्रिमंडळात अजून आहे. या पदावरचा माणूस ना लॉर्ड असतो, ना प्रिव्ही, ना सील, असा तिकडचा जुना विनोद आहे.

(जाता जाता एक सावधगिरी. मराठी कागदांवर माथ्याला मुद्रा आणि शेवटी लहान मोर्तब दिसते, म्हणून काही जण प्रिव्ही सीलला ‘मोर्तब’ लिहितात. ते चूक आहे. मोर्तब मजकूर संपल्याची खूण आहे. तो खासगी शिक्का नव्हे. ‘राजाचा खासगी शिक्का’ असं सरळ लिहावं.)

कौन्सिलचंही तेच झालं. राजाच्या मोठ्या दरबारातून जवळच्या सल्लागारांचा गट वेगळा निघाला आणि १५३० च्या दशकात, आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याच्या काळात, त्याला आटोपशीर प्रिव्ही कौन्सिलचं रूप आलं. मग ते फुगलं. मग त्यातले मोजके लोक राजाबरोबर आतल्या छोट्या खोलीत बसू लागले. त्या खोलीचं नाव कॅबिनेट, आणि आपण आजही तेच वापरतो. आज प्रिव्ही कौन्सिलचे सभासद सातशेहून अधिक आहेत. सातशे माणसांचा आतला गोट कसला? तरी आजही ब्रिटिश कॅबिनेटमधल्या मंत्र्याला आधी प्रिव्ही कौन्सिलची शपथ घ्यावी लागते आणि त्या शपथेत गुप्तता राखण्याचं वचन असतं. सरकार कधी विरोधी पक्षनेत्याला नाजूक माहिती देतं तेव्हा ‘प्रिव्ही कौन्सिलच्या अटींवर’ देतं, म्हणजे ऐका, पण बाहेर बोलू नका. तेव्हा गुप्तता आहे, पण ती सभासदांच्या वागण्याची अट आहे. मंडळ स्वतः गुप्त नाही. त्याचं अस्तित्व, सभासदांची नावं, हुकूम सगळं उघड असतं. म्हणून ‘गुप्त परिषद’ खोडा म्हटलं. वाचकाला वाटेल तुमचे पणजोबा कुठल्या कटवाल्यांपुढे उभे राहिले.

तुमच्या कागदांच्या दृष्टीने आणखी एक फोड लागते. पणजोबांचं अपील त्या अख्ख्या कौन्सिलपुढे गेलं नव्हतं. १८३३ च्या कायद्याने कौन्सिलची एक न्यायिक समिती नेमली गेली आणि हिंदुस्थानातली अपिलं ती समिती ऐकत असे. तिथे बसणाऱ्यांत पुढे आपल्याकडचेही आले : १९०९ मध्ये सय्यद अमीर अली, १९३० मध्ये मुंबईचे दिनशा मुल्ला, १९३९ मध्ये बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. ही समिती न्यायालयासारखं काम करायची, पण कागदोपत्री ती राजाला सल्ला देणारी मंडळी. म्हणून निकालाच्या शेवटी ‘हे अपील मान्य करावं असा नम्र सल्ला आम्ही महाराजांना देऊ’ अशा धर्तीचं वाक्य असतं. त्याला निव्वळ शिष्टाचार समजून गाळू नका. हुकूम त्यानंतर वेगळ्या कागदाने निघे, त्याला ‘ऑर्डर इन कौन्सिल’ म्हणत. तुमच्या पेटीत दोन निरनिराळे कागद असतील, एक कारणांचा आणि एक आखूड हुकुमाचा, तर एक हरवलाय किंवा दोन्ही एकच असं समजू नका.

खरी गुप्तता कुठे आहे सांगू? मतभेदात. १६२७ च्या एका हुकुमाने असं ठरलं होतं, की कौन्सिलमध्ये कोणी कोणत्या बाजूने मत दिलं हे बाहेर सांगायचं नाही. राजाला सल्ला एकच जायचा. न्यायिक समितीनेही ही रीत पाळली. विरोधी मत जाहीर करायची मुभा १९६६ मध्ये मिळाली. हिंदुस्थानातली अपिलं १० ऑक्टोबर १९४९ पासून बंद झाली. म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही दाव्यात तिथल्या न्यायमूर्तींचं एकमत होतं की तीनास दोन, हे निकालपत्रावरून कळत नाही. तुम्ही प्रस्तावनेत ‘एकमताने निकाल दिला’ असं लिहिलं असेल तर तेही काढा. एकच मत छापलंय, एवढंच म्हणता येईल.

आणि जमीन किती मोलाची होती याचा अंदाजही इथे लागतो. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार साधारणतः दहा हजार रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या दाव्यातच तिथे अपील करता येई. त्याखालच्याला खास परवानगी किंवा उच्च न्यायालयाचा दाखला लागे. कोकणात ‘प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाईन’ ही धमकी एका माडावरून दिली जायची, पण त्या माडाची धाव बहुधा जिल्हा कोर्टापर्यंतच. मराठी मुलखातला सगळ्यांत गाजलेला तिथला निकाल ताई महाराज प्रकरणाचा. दत्तकाचा वाद, टिळक विश्वस्त, मुंबईच्या उच्च न्यायालयात टिळकांविरुद्ध निकाल, आणि १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला. त्या काळच्या मराठी वाचकाला प्रिव्ही कौन्सिल हे नाव असं तोंडपाठ होतं. म्हणून माझं मत असं, की संस्थेच्या नावाचं भाषांतर करूच नये. ‘प्रिव्ही कौन्सिलची न्यायिक समिती’ असं पहिल्यांदा लिहा, पुढे नुसतं ‘प्रिव्ही कौन्सिल’. शाळकरी मुलांसाठी लिहीत असाल तर एकदा ‘राजाचं खासगी सल्लागार मंडळ’ अशी ओळख द्या, बस्स.

आता ‘पार्टीज अँड प्रिव्हीज’. तुमचं घोडं इथे अडलं होतं, आणि इथेच मूळ अर्थ लख्ख दिसतो. कायद्यात ‘प्रिव्ही’ म्हणजे ज्याचा हक्क पक्षकाराच्या हक्काला जोडलेला आहे असा माणूस : वारस, खरेदीदार, भाडेकरू. एकदा पणजोबांविरुद्ध निकाल लागला की तो तुमच्या आजोबांवर, वडिलांवर आणि त्यांच्याकडून ती जमीन घेणाऱ्यावरही बंधनकारक. यांच्यात गुपित काही नाही. उलट हे नातं सगळ्या गावाला ठाऊक असतं. इथे अर्थ फक्त ‘त्या वर्तुळाच्या आतला’. मी ‘पक्षकार आणि त्यांच्यामार्फत हक्क सांगणारे’ असं लिहिते. लांब आहे, पण वकील त्यावर अडत नाहीत.

याच कुळीतला ‘प्रिव्हिटी ऑफ काँट्रॅक्ट’. करार ज्यांच्यात झाला त्यांनीच त्यावर दावा लावावा, तिसऱ्याने नाही, असा तो नियम. यावर प्रिव्ही कौन्सिलचाच १९१० चा एक निकाल आहे, ख्वाजा मुहम्मद खान विरुद्ध हुसैनी बेगम. दोन बापांनी अल्पवयीन मुला-मुलीचं लग्न ठरवताना करार केला, की सून म्हणून येणाऱ्या मुलीला सासरा दरमहा पाचशे रुपये ‘खर्च-इ-पानदान’ देईल. पुढे पैसे मिळेनात तेव्हा तिने दावा लावला. ती करारात पक्षकार नव्हती, हा सासऱ्याचा बचाव. कौन्सिलने तो मानला नाही आणि तिला पैसे मिळाले. पानाच्या डब्याचा खर्च म्हणजे बाईचा स्वतःचा, कुणाला हिशेब न देण्याचा पैसा. एका अर्थी तिची प्रिव्ही पर्सच. प्रिव्ही पर्ससाठी प्रिव्हिटीचा वाद, तोही प्रिव्ही कौन्सिलपुढे! शब्दवेड्यांनी हा निकाल जरूर वाचावा.

प्रिव्ही पर्स म्हटलं की आपल्याला संस्थानिक आठवतात. मराठी वर्तमानपत्रांनी त्याला ‘तनखा’ हा शब्द रूढ केला आणि तो बातमीला पुरेसा होता. पण त्यात एक छटा गळली. संविधानाच्या २९१ व्या अनुच्छेदातली ही रक्कम पगारही नव्हती आणि पेन्शनही नव्हती. संस्थान विलीन करताना राज्याचा खजिना गेला, त्याच्या जागी राजाच्या खासगी खर्चासाठी ठरवून दिलेला, आयकरातून सुटलेला पैसा होता. म्हैसूरला वर्षाला सव्वीस लाख, तर काठियावाडातल्या कटोडियाला एकशे ब्याण्णव रुपये. १९७० मध्ये ती बंद करायचं विधेयक राज्यसभेत लागणाऱ्या दोन-तृतीयांश मतांना एका मताहूनही कमी फरकाने मुकलं, मग राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यताच काढली गेली, तो आदेश माधवराव शिंद्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने त्याच डिसेंबरात रद्द केला, आणि शेवटी १९७१ मध्ये सव्विसाव्या घटनादुरुस्तीने प्रकरण मिटलं. त्या काळावर लिहिताना मी ‘तनखा’च लिहिते, कारण वाचकाला तोच ठाऊक आहे. कराराचा मूळ मजकूर अनुवादताना मात्र ‘खासगी खर्चाची रक्कम’. दोन्ही बरोबर, कागद कोणता आहे यावर ठरतं.

‘प्रिव्ही टू’ या वापराकडे मात्र जरा थांबून पाहा, कारण इथे अनुवादाची किंमत माणसाला मोजावी लागू शकते. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये प्रेषितांच्या कृत्यांत हनन्या आणि सफीरा या जोडप्याची कथा आहे. जमीन विकून आलेल्या पैशातला काही भाग नवरा मागे ठेवतो, ‘त्याची बायकोही त्याला प्रिव्ही होती’. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बरोबरीने जाणणारी. पुढे ती आत येते तेव्हा येशूचा शिष्य पेत्र तिला विचारतो आणि ती स्वतः खोटं बोलते, तेव्हा तिच्यावर शिक्षा येते. म्हणजे आधी फक्त ठाऊक असणं आणि मग स्वतःचं कृत्य, अशा दोन पायऱ्या कथेतच आहेत. आता एखाद्या प्रतिज्ञापत्रात ‘या व्यवहाराला अमुक प्रिव्ही होता’ असं असेल आणि मराठीत ‘सामील होता’ झालं, तर ज्याला केवळ माहिती होती तो आरोपीच्या रांगेत बसतो. असे अनुवाद मी पाहिले आहेत. मी ‘ठाऊक होतं’ किंवा ‘माहितीतला होता’ असं लिहिते, आणि संदर्भात सहभाग स्पष्ट असेल तरच पुढे जाते. बातमीत किंवा कादंबरीत ‘आतल्या गोटातला’ छान बसतं. शपथेवरच्या कागदात ते नको, त्याला संशयाचा वास आहे.

राहिला संडास. तिथे फार विचार करू नका. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यासारख्या मजकुरात ‘प्रिव्ही’ आणि ‘वॉटर-क्लोझेट’ वेगळे धरलेले असतात, एक साधा आणि दुसरा पाण्याने धुतला जाणारा, म्हणून तिथे ‘शौचकूप’ आणि ‘पाण्याचा संडास’ असा फरक राखावा लागतो. कादंबरीत पात्र कोण, गाव कुठलं, वाडा की खोपट, यावर शब्द ठरेल. इंग्रजी खेड्यातला प्रिव्ही बहुधा घरामागे, अंगणाच्या टोकाला असायचा. त्या जागी ‘परसातला संडास’ लिहिलं की चित्र डोळ्यांपुढे येतं. मराठीतही ‘परसाकडे जाणं’ म्हणताना आपण जागेचं नाव घेऊन काम टाळतोच की.

उच्चाराचंही सांगून टाकते : ‘प्रिव्ही’, ऱ्हस्व इ. ‘प्रायव्ही’ नाही. इंग्रज लोक ‘प्रिव्हसी’ म्हणतात आणि अमेरिकन ‘प्रायव्हसी’, त्या गोंधळातून ही चूक येते.

थोडक्यात तुमच्या कागदापुरतं : संस्थेचं नाव जसंच्या तसं ठेवा, ‘प्रिव्हीज’ म्हणजे मार्फतीने हक्क सांगणारे, ‘प्रिव्ही टू’ म्हणजे ठाऊक असलेला, आणि ‘एकमताने’ काढा. निकालपत्राच्या माथ्यावर ‘इंडियन अपील्स’ असं लिहून खंड आणि पान दिलं असेल तर तो अनुवादात जरूर ठेवा. त्या छापील खंडांवरून कोणालाही मूळ निकाल काढता येतो. तो आकडा तुमच्या प्रतीत नसेल, तर दोन्ही पक्षकारांची नावं आणि निकालाची तारीख इथे टाका, खंड शोधायला मदत करते.